गावाच्या इमारती: नोंदवहीपासून निर्लेखनापर्यंत

तीन हजार वस्तीचं गाव. समाजमंदिराचं कुलूप उघडायला पाऊण तास गेला, कारण किल्ली आधीच्या सरपंचांच्या घरी होती आणि ते तालुक्याला गेलेले. दार उघडलं तर आत पथदिव्यांच्या जुन्या फिटिंगची पोती, मतदान केंद्राचे फलक, दोन फाटक्या सतरंज्या आणि छताच्या कोपऱ्यात सुपाएवढा ओलीचा डाग. गच्चीवर चढलो, तर कठड्याच्या भेगेतून हातभर पिंपळ वर आलेला. तिथून दोनशे पावलांवर मारुतीच्या देवळाच्या ओसरीत अंगणवाडी भरत होती. बावीस मुलं, एक सेविका आणि पायरीवर ठेवलेलं खिचडीचं पातेलं. ग्रामपंचायतीच्या त्या वर्षीच्या विकास आराखड्यात गावानं दोन कामं मागितली होती: नवी अंगणवाडी आणि दुसरं समाजमंदिर.

या गावाचं वेगळं काही नव्हतं. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. शाळाखोल्या, अंगणवाड्या, समाजमंदिरं, चावडी, व्यायामशाळा, आरोग्य उपकेंद्र, गाळे, तलाठ्यांची खोली असं धरलं तर छोट्या गावातसुद्धा दहा-बारा सार्वजनिक इमारती सहज निघतात. त्या एका विचारानं बांधलेल्या नसतात. एक आमदार निधीतून आली, एक १९९३ साली सुरू झालेल्या खासदार निधीतून, एक जिल्हा वार्षिक योजनेतून, एक कुठल्याशा अभियानाच्या बक्षिसातून. प्रत्येक योजना बांधायला पैसे देते. पुढच्या चाळीस वर्षांचा रंग, वीज, झाडू आणि गळती यांचं बघायचं कोणी, हे बहुतेक मंजुरीपत्रांत लिहिलेलंच नसतं. ते गावाला ठरवावं लागतं. कसं, ते क्रमानं सांगतो. लिहिताना डोळ्यांसमोर ग्रामपंचायत आहे, पण नगरपरिषदेतल्या सदस्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिलं काम: यादी पायी फिरून करा

ग्रामपंचायतीच्या दप्तरात यासाठी ठरवून दिलेल्या नोंदवह्या, म्हणजे नमुने, आहेतच. स्थावर मालमत्तेसाठी नमुना २२, रस्त्यांसाठी नमुना २३, जमिनीसाठी नमुना २४. ते उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी शेवटची नोंद सात-आठ वर्षांपूर्वीची असते आणि त्यानंतरच्या इमारती गावात उभ्या असल्या तरी वहीत नसतात. उलटही असतं. पडून गेलेला कोंडवाडा वहीत अजून उभाच असतो.

म्हणून कार्यालयात बसून यादी करू नका. ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक), एक सदस्य, शिपाई आणि गावातलं एक जुनं माणूस असे चौघं निघा. जुनं माणूस हवंच. ही जागा कोणी दिली, इथे आधी काय होतं, पावसाचं पाणी कुठून यायचं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. वॉर्ड एकपासून चालायला लागा आणि सरकारी पैशानं बांधलेली प्रत्येक चीज लिहा, मग ती कोणाचीही असो. बंद पडलेलं सार्वजनिक शौचालय, पंपघर, बसथांबा, स्मशानशेड काही सोडू नका. प्रत्येकाचा समोरून, मागून, गच्चीवरून आणि आतून असे चार फोटो घ्या. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटेल अशी सोय करून घ्या. गाव मोठं असलं तरी दोन दिवसांत हे होतं.

दुसरं: इमारत कोणाची आणि जमीन कोणाची

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण पुढे अडतं ते इथेच. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही अनेकदा वेगळी येतात. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, जमीन गावठाणातली. उपकेंद्र आरोग्य विभागाचं, पण कुंपण ग्रामपंचायतीनं घातलेलं. समाजमंदिर आमदार निधीतलं, बांधून घेणारी यंत्रणा वेगळी, आणि ते ग्रामपंचायतीकडे रीतसर हस्तांतरित झालंच नाही. अशा इमारतीवर खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि खर्च केला नाही की ती पडते.

प्रत्येक इमारतीपुढे चार गोष्टी लिहा: जमिनीचा मालक, इमारतीचा मालक, सध्या वापरणारा आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची. चौथा रकाना कोरा राहिला, तर त्या इमारतीची फाईल सगळ्यात वर ठेवा.

जमिनीसाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. गावठाणातल्या जागांना पूर्वी धड कागदच नसायचा. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून पुढे हे काम देशभर निघालं. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल, तर ग्रामपंचायतीच्या प्रत्येक जागेची मिळकत पत्रिका निघाली का आणि हद्दी बरोबर दाखवल्या आहेत का, हे भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन तपासा. घरमालक आपापलं बघून घेतात. सार्वजनिक जागेच्या बाजूनं बोलायला मोजणीच्या दिवशी कोणीतरी हजर असावं लागतं.

दान दिलेल्या जागेबद्दल जरा थांबून सांगतो. आजोबांनी मोठ्या मनानं सांगितलं, "बांधा शाळा माझ्या वावरात." शाळा झाली, आजोबा गेले, रस्ता डांबरी झाला, जमिनीला भाव आला आणि नातवानं फाटकाला कुलूप घातलं. नातवाला दोष देऊन उपयोग नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ प्रमाणे स्थावर मालमत्तेचं दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानंच होतं. तोंडी शब्द, शंभराच्या स्टॅम्पवरचं संमतिपत्र किंवा ग्रामसभेचा ठराव यांनी मालकी बदलत नाही. दाता हयात आहे तोवर त्याला मानानं दुय्यम निबंधकांकडे न्या, बक्षीसपत्र नोंदवा आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नंतर इमारतीवर त्याच्या नावाची पाटीही लावा, तो मान त्याचा आहे.

तिसरं: एका इमारतीची एक फाईल

हे थोडक्यात. प्रत्येक इमारतीला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाची फाईल करा. तिच्यात जमिनीचा कागद, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, नकाशा, काम पूर्णत्वाचा दाखला, हस्तांतराची पावती, वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक, फोटो आणि आजवरच्या दुरुस्त्या. नकाशा सापडत नसेल, तर शाखा अभियंत्याला विनंती करून साधा मोजमापाचा आराखडा काढून घ्या. पाण्याची आणि विजेची लाइन भिंतीतून कुठून गेली आहे, हे त्यावर पेन्सिलीनं दाखवलेलं असलं तरी पुढच्या प्लंबरचे निम्मे हाल वाचतात.

चौथं: पाहणी गच्चीपासून पायापर्यंत

इमारतीचा मुख्य शत्रू पाणी, आणि पाणी वरून खाली येतं. म्हणून पाहणीही वरून सुरू करा. सोबत टॉर्च, छोटी हातोडी, टेप, खडू आणि शिडी घ्या. बऱ्याच समाजमंदिरांना गच्चीवर जायला जिनाच नसतो, आणि म्हणून दहा वर्षं तिथे कोणी गेलेलंच नसतं.

गच्चीवर आधी पाणी बाहेर पडण्याची तोंडं बघा. पालापाचोळा, शाळेत असाल तर चेंडू, खडूचे डबे आणि चपला. एक तोंड तुंबलं की गच्चीचा हौद होतो. मग कोब्यावरच्या भेगा, आणि कठडा व गच्ची जिथे मिळतात तिथला वाटा, म्हणजे सांध्यावरचा सिमेंटचा गोलावा, फुटला आहे का ते पाहा. गळती बहुतेक वेळा या सांध्यातूनच शिरते. लोक मात्र मधल्या भागावर डांबर ओततात. शंका असेल तर तोंडं बंद करून दोन इंच पाणी एक दिवस साठवून खालून पाहता येतं. पण दोन इंच पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ५० किलो वजन. स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या असतील, तर हा प्रयोग करू नका.

कठड्यातल्या पिंपळ-वडाबद्दल लोक हळवे असतात, आणि काही ठिकाणी तो तोडायला कोणी तयार होत नाही. बोटभर असताना मुळासकट उपटून काढा आणि दुसरीकडे मातीत लावा, कोणाचंही मन दुखावणार नाही. वरून छाटून काही होत नाही. पुढच्या पावसात त्याच मुळातून दोन फांद्या फुटतात आणि मूळ विटांच्या सांध्यात आणखी खोल जातं. मनगटाएवढा झाला असेल, तर तेवढं बांधकाम उकलून, मूळ काढून, सिमेंटच्या मसाल्यानं नव्यानं बांधावं लागतं. उपटायला पाच मिनिटं लागली असती, तिथे गवंड्याचे दोन दिवस जातात.

खाली या आणि छताकडे बघा. पांढरट डाग आणि पोपडे म्हणजे पाणी झिरपतंय. सळईच्या रेषेत सरळ भेग आणि तांबूस ओघळ म्हणजे आत सळई गंजते आहे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. हातोडीनं हलकेच ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथे खडूनं गोल करा. असे गोल जास्त निघाले, तर त्या खोलीत मुलं बसवणं त्याच दिवशी थांबवा. गिलावा करून रंग मारणं ही त्यावरची दुरुस्ती नव्हे, त्यानं फक्त धोका दिसेनासा होतो.

भिंतींच्या भेगा दोन प्रकारच्या. केसासारख्या, जाळीदार भेगा गिलाव्याच्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, नाणं आत जाईल अशी भेग वेगळी. ती वाढते आहे का, हे ओळखायची जुनी आणि स्वस्त युक्ती सांगतो. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. मग अभियंत्याला बोलवायला उशीर करू नका.

मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर भागातल्या काळ्या जमिनीत या तिरप्या भेगा फार दिसतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्याबरोबर उथळ पाया वर-खाली होतो. उपाय साधा असतो, पण तो अंदाजपत्रकात धरलेला नसतो: इमारतीभोवती चारही बाजूंनी मीटरभर रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली फरसबंदी, आणि छताचं पाणी पायाशी न पडता पाइपातून लांब जाईल अशी सोय. कोकणात मातीचा हा खेळ नाही. तिथे तिरप्या पावसाचा मारा आणि खारी हवा आहे, म्हणून छज्जे रुंद हवेत आणि उघड्या लोखंडाला दर दोन-तीन वर्षांनी रंग हवा.

दगड-मातीच्या जुन्या चावड्या आणि माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) शाळाखोल्या अजून वापरात असतील, तर त्या वेगळ्या तपासून घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक मातीच्या सांध्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं ओझं अंगावर येऊन गेली. अशी इमारत पाडायलाच हवी असं नाही. पण कोपरे बांधून घेणं, छताचं ओझं उतरवणं, भिंतींना आडवे पट्टे घालणं यांबाबत जाणत्या अभियंत्याचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय तिच्यात माणसं बसवू नयेत.

वीज, पाणी, शौचालय शेवटी बघा, पण वरवर नको. मीटरजवळ जळाल्याचा वास, उघडे सांधे, एकाच बोर्डावर लटकलेली पाच कनेक्शनं, अर्थिंग आहे की नुसती तार लोंबते आहे. शौचालयात नळ सोडून पाहा. शाळेचं शौचालय कुलूपबंद असलं, तर शंभरातल्या नव्वद वेळा कारण बांधकाम नसतं. पाणी नसतं, किंवा धुणारं माणूस नेमलेलं नसतं.

पाहणी संपली की प्रत्येक इमारतीला अक्षर द्या. अ म्हणजे ठीक, ब म्हणजे किरकोळ दुरुस्ती, क म्हणजे मोठी दुरुस्ती, ड म्हणजे वापर बंद. क आणि ड ठरवणं तुमचं काम नाही, ते अभियंत्याच्या सहीनंच व्हायला हवं. मुंबईच्या आणि इतर महापालिकांच्या कायद्यांत ३० वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. गावानंही हीच मर्यादा आपणहून पाळावी असं माझं ठाम मत आहे.

पाचवं: वापर मोजा

महिनाभर प्रत्येक इमारतीत खिळ्याला एक वही अडकवा. कोणी उघडली, कशासाठी, किती माणसं, किती वेळ, एवढंच लिहायचं. लग्नसराईचा महिना निवडू नका, चित्र फसवं येतं. समजा एका सभागृहावर वीज, सफाई, रंग धरून वर्षाला ४० हजार जातात आणि ते वीस दिवस वापरलं जातं. म्हणजे एका दिवसाला दोन हजार. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला की चर्चेचा सूर बदलतो.

दुसऱ्या बाजूला गावाला कोणत्या सेवा लागतात त्यांची यादी करा, इमारतींची नव्हे. अंगणवाडीला घरांजवळची, पाणी-शौचालय असलेली, स्वयंपाकाला वेगळा कोपरा असलेली जागा लागते. बचतगटांना महिन्यातून चार दुपारी बसायला आणि कपाटाला जागा. अभ्यासिकेला शांतता, दिवा आणि रात्री दहापर्यंत उघडं दार. या गरजा आणि रिकाम्या खोल्या शेजारी शेजारी मांडा. सकाळी अंगणवाडी, दुपारी बचतगट, संध्याकाळी अभ्यासिका असं एकाच जागेत बसू शकतं का, हे आधी पाहा.

सहावं: ठेवायची, बदलायची, सोपवायची की पाडायची

हा निर्णय ग्रामसभेत घ्या, सदस्यांच्या मासिक सभेत उरकू नका. कारण प्रत्येक इमारतीशी कोणाचं तरी नातं असतं. समाजमंदिर एखाद्या वस्तीनं झगडून मिळवलेलं असतं. ते रिकामं दिसतं म्हणून दुसऱ्या कामाला लावायचं ठरवलं आणि त्या वस्तीला विचारलं नाही, तर ते चुकीचंही आहे आणि टिकणारंही नाही. आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. त्यांचे कार्यक्रम, जयंती, लग्न यांचा पहिला हक्क ठरावातच लिहा, मग उरलेल्या दिवसांचं बोला.

जिल्हा परिषदेची शाळा पटाअभावी बंद झाली असेल, तर खोल्या आपोआप ग्रामपंचायतीच्या होत नाहीत. वापर बदलायला जिल्हा परिषदेची लेखी परवानगी लागते. अंगणवाडी हलवायची तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची संमती घ्या. परवानगी मागताना नुसता ठराव पाठवू नका, सोबत पाहणीचा कागद, फोटो आणि देखभाल कोण करणार याची हमी जोडा. अशा प्रस्तावावर अधिकाऱ्यालाही सही करणं सोपं जातं.

पाडायची वेळ आली की सरकारी भाषेत त्याला निर्लेखन म्हणतात. गावं याला घाबरतात आणि धोकादायक खोली कुलूप लावून तशीच ठेवतात. मुलं तिच्या व्हरांड्यात खेळतात, शेळ्या बसतात. तसं करू नका. इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेल्याचा बांधकाम विभागाचा अहवाल, शिल्लक साहित्याचं मूल्यांकन, ज्याची मालमत्ता त्या संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता, मग साहित्याचा जाहीर लिलाव, मग पाडकाम, आणि शेवटी नमुना २२ मधून नोंद कमी करणं, असा साधारण क्रम असतो. लिलावाची रक्कम बँकेत भरल्याची पावती फाईलला लावा. मान्यता येईपर्यंत तारेचं कुंपण आणि मोठ्या अक्षरांत धोक्याचा फलक त्याच आठवड्यात लावा.

सातवं: पैसा

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी एक अंदाज दिला होता: आज ती इमारत नव्यानं बांधायला जेवढा खर्च येईल, त्याच्या २ ते ४ टक्के दर वर्षी देखभालीला लागतात. देश वेगळा, बांधकाम वेगळं, तरी हिशेबाला हा आकडा धरून बघा. ३० लाखांच्या सभागृहाला वर्षाला किमान ६० हजार. गावातल्या सगळ्या इमारतींचा हा आकडा काढला की छाती दडपते, आणि नवी इमारत मागण्याआधी गाव थोडं थांबतं.

पैसे येतात कुठून? १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायला मोकळा. शौचालयाची दुरुस्ती, छतावरचं पाणी साठवणं ही कामं बंधित भागात बसतात आणि अबंधित पैसा छत-भिंतींना मोकळा राहतो, हे अनेक गावांच्या लक्षातच आलं नाही. कुठलंही अनुदान असो, त्याच्या अटी वाचून कामं अशी वाटून घ्या. आणि स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, गाळेभाडं, सभागृहभाडं यांतून, ठरावीक हिस्सा देखभालीसाठी अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली धरा. तो आराखड्यातही कामाच्या नावानं यायला हवा. "इतर खर्च" या नावाखाली टाकलेला पैसा मार्चअखेरीला पथदिव्यांना जातो.

इमारत थोडं कमवूही शकते. शंभर चौरस मीटर गच्ची, ६०० मिलिमीटर पाऊस: वाया जाणारं वगळून सुमारे ४८ हजार लिटर पाणी. त्याच गच्चीवर एक किलोवॉटचं सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतं. मात्र स्लॅब अ किंवा ब असेल तरच. गळक्या गच्चीवर पॅनेल बसवलं, तर गळती काढताना ते पुन्हा उतरवावं लागतं.

गाळे आणि भाडं

सभागृहाचे दर ग्रामसभेत ठरवून दारावर रंगवा, अनामत आणि सफाईच्या रकमेसह. पावतीशिवाय किल्ली नाही, हा नियम सरपंचाच्या घरच्या लग्नालाही लागू राहू द्या.

गाळ्यांचं प्रकरण नाजूक. वीस वर्षांपूर्वीचं भाडं, करार संपलेला, मूळ भाडेकरूनं पोटभाडेकरू ठेवलेला, असं चित्र अनेक नगरपरिषदांत आहे. नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ९२ प्रमाणे परिषदेला स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपर्यंतच भाडेपट्टा देता येतो. ग्रामपंचायतीलाही अचल मालमत्ता मनाप्रमाणे विकता किंवा लांब मुदतीनं देता येत नाही, जिल्हा परिषदेची पूर्वमंजुरी लागते. म्हणून करार संपायच्या सहा महिने आधीची तारीख आजच वहीत लिहून ठेवा. मुदत उलटल्यावर नोटीस काढली की प्रकरण कोर्टात जातं आणि मधल्या वर्षांचं भाडं अडकतं. लिलाव करताना रस्त्यावर बसणाऱ्या गावातल्याच भाजीवाल्या बायकांना परवडेल असे ओटेही राखा. बाजार त्यांच्यामुळेच भरतो.

आग, रॅम्प आणि विमा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं ते नाट्यगृह महापालिकेचं. दुसऱ्याच दिवशी संगीत रंगभूमीवरच्या या केशवरावांची जयंती होती. लाकूडकाम आणि पडदे जिथे असतील तिथे आग किती वेगानं पसरते, हे कोल्हापुरानं डोळ्यांनी पाहिलं.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ ज्या इमारतींना लागू आहे, त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं नमुना ब प्रमाणपत्र घ्यायचं असतं. छोट्या सभागृहाला कायद्यानं इतकं लागलं नाही, तरी अग्निशामक नळकांडं, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच आणि बाहेर उघडणारी दोन दारं एवढं तरी हवंच. मागचं दार सामान रचून बंद केलेलं नसावं. ते प्रत्येक कार्यक्रमाआधी उघडून बघणारं माणूस नावानिशी ठरवा.

रॅम्प कागदावर असतो आणि प्रत्यक्षात घसरगुंडी असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नं सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करणं बंधनकारक केलं आहे. चढ एकास बारा हवा. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. जागा नसेल तर वळण द्या, रॅम्प उभा करू नका. दोन्ही बाजूंना कठडा लावा आणि एकदा चाकाच्या खुर्चीत स्वतः बसून चढून बघा.

मोठ्या इमारतींचा आग आणि नैसर्गिक आपत्तीचा विमा काढा. बहुतेक ठिकाणी हा विषय सभेपुढे कधी आलेलाच नसतो.

खरंच नवी इमारत हवी असेल तर

कधीकधी हवीच असते. तेव्हा जमीन ग्रामपंचायतीच्या नावावर झाल्याशिवाय प्रस्ताव पाठवू नका, ओढ्याची पूररेषा जुन्या माणसांना विचारा, आणि नकाशात गच्चीला जिना, भोवती फरसबंदी व शौचालयाला पाण्याची टाकी आहे का ते अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी बघा. मागाहून काहीही वाढवून मिळत नाही. काम चालू असताना पायाचा खड्डा, सळईची बांधणी आणि स्लॅबचा दिवस यांचे फोटो फाईलला लावा.

ताबा घेताना घाई करू नका. एक पावसाळा बघा. दोष दायित्व कालावधीत गळती, भेगा, दारं फुगणं हे ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं असतं. हा कालावधी संपायच्या दोन महिने आधी पुन्हा गच्चीवर चढा, फोटो काढा आणि लेखी पत्र बांधकाम विभागाला द्या. सुरक्षा ठेव एकदा परत गेली, की नंतर फोनवर फक्त आश्वासनं मिळतात.

वर्षाचं चक्र

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गच्च्या, पन्हळी आणि तोंडं साफ. शाळांची मोठी दुरुस्ती मे महिन्यातच, कारण मृग लागला की गवंडी शेतात आणि मुलं वर्गात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन सगळ्या इमारती फिरून या. गळती नेमकी कुठून येते, हे त्या दिवशी जेवढं कळतं तेवढं वर्षभरात कळत नाही. गणपती झाले की दुरुस्त्यांचं अंदाजपत्रक करून घ्या, म्हणजे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते आराखड्यासाठी मांडता येतं. दिवाळीनंतर रंगकाम आणि वायरिंग. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत अ-ब-क-ड ची यादी वाचून दाखवा, गेल्या वर्षीच्या यादीशेजारी.

त्या समाजमंदिराचं पुढे असं झालं. वस्तीतल्या लोकांशी दोन बैठका झाल्या. कठडा उकलून पिंपळाचं मूळ काढलं, वाटा नव्यानं केला, मागे शौचालय आणि पाण्याची टाकी झाली. पथदिव्यांची पोती ग्रामपंचायतीच्या खोलीत गेली. सकाळी साडेनऊला आता तिथे अंगणवाडी भरते आणि जयंतीच्या आठवड्यात सेविका मुलांना शाळेच्या वर्गात नेते. किल्ल्या तीन केल्या: एक सेविकेकडे, एक वस्तीतल्या मंडळाकडे, एक कार्यालयात, आणि तिन्हींची सही घेऊन नोंद नमुना २२ च्या त्याच पानावर.